गुरुवारचे ताट

आमच्या घरात आठवड्याला तीन सुट्ट्या होत्या आणि तिन्ही वेगवेगळ्या वारी येत. मुलीची शाळा रविवारी बंद असे. माझे यजमान ज्या कारखान्यात होते तो गुरुवारी बंद असे. विजेचा भार वाटून घ्यायचा म्हणून पिंपरी-चिंचवडच्या सगळ्या औद्योगिक पट्ट्याला गुरुवारची सुट्टी ठरवून दिलेली होती. मी पुण्याच्या एका दैनिकात आधी मुद्रितशोधक आणि पुढे उपसंपादक होते. तिथे सुट्ट्या पाळीने वाटलेल्या होत्या. माझ्या वाट्याला सोमवार आला आणि तो बरीच वर्षे माझ्याकडेच राहिला.

१९६२ साली लग्न होऊन मी चिंचवडला आले. स्टेशनपासून चालत दहा मिनिटांवर दोन खोल्या होत्या, मागे मोरी, पुढे अरुंद ओटा. शेजारी सगळे कारखान्यांतले लोक. कोणी साताऱ्याकडचे, कोणी मराठवाड्यातले, कोणी कोकणातले. यजमान तपासणी विभागात होते. तयार झालेला भाग मोजायचा, मापात असला तर पुढे सोडायचा, केसभर जरी कमी-जास्त असला तरी लाल पेटीत टाकायचा, हे त्यांचे काम. त्यांचे दुसरे काम सिनेमे काढण्याचे होते. पुढे मी त्यांना दिग्दर्शक म्हणणार आहे. बातमीत माणसाचा उल्लेख त्याच्या कामाने करायची मला सवय आहे. घरात मी त्यांना ‘अहो’ म्हणत असे, ते इथे उपयोगाचे नाही.

कॅमेरा त्यांनी एका परदेशी इंजिनिअरकडून घेतला. तो यंत्रे बसवून द्यायला आला होता आणि परत जाताना सामान हलके करत होता. कॅमेरा चावीचा होता. पूर्ण चावी दिली की अर्ध्या मिनिटाला थोडा कमी इतका वेळ चाले आणि थांबे. त्यामुळे दिग्दर्शकांच्या सिनेमात कोणीही एका दमात त्याहून जास्त वेळ काहीच करत नाही. आवाज त्यात उमटत नसे. संवाद नंतर टेपरेकॉर्डरवर घ्यायचे आणि सिनेमा दाखवताना टेप शेजारी लावायची. टेप कधी पुढे जाई, कधी मागे राही. वसाहतीच्या गणपतीत लोक त्याचीच वाट बघत. पडद्यावर बाई तोंड मिटून उभी आणि तिचे बोलणे चालूच, असे झाले की सगळ्यात मोठा हशा येई.

पहिला सिनेमा वीस मिनिटांचा, एका सायकलीचा. कामगार सायकल घेतो आणि घरातले प्रत्येक माणूस ती आपल्यासाठीच घेतली असे समजते. दुसरा शिवणयंत्राचा. दोन्ही दिग्दर्शकांनी स्वतः लिहिले, स्वतः चित्रित केले, स्वतः कापून जोडले. वर कोणी निर्माता नव्हता, त्यामुळे विचारायला कोणी नव्हते आणि सांगायलाही. ते या सिनेमांना कौटुंबिक चित्रपट म्हणत. त्यांच्या मते कौटुंबिक चित्रपट म्हणजे आई, बाप आणि मुले एका सतरंजीवर बसून बघू शकतील असा. त्यात कोणी मरायचे नाही आणि कोणी कोणावर हात उचलायचा नाही. खेळ चालू असताना ते स्वतः प्रोजेक्टरपाशी उभे असत, मुलगी पुढे पोरांत बसे आणि मी पुण्याहून पोचेपर्यंत बहुधा शेवटचे रीळ चालू असे.

दुसऱ्या सिनेमाच्या वेळी गणपतीत एक मनुष्य आला होता. खेड-चाकण भागातल्या जत्रांतून तो सिनेमाचा तंबू फिरवत असे. त्याने दिग्दर्शकांना सांगितले की वीस मिनिटांचे माझ्या उपयोगाचे नाही; दीड तासाचे काढा, मी एक हंगाम गावोगाव चालवतो. सोमवारी संध्याकाळी दिग्दर्शकांनी ही गोष्ट मला एका वाक्यात सांगितली. तंबूत एक हंगाम चालला तर राजीनामा लिहीन, हे दुसरे वाक्य. नोकरी सुटली तर गुरुवारही सुटेल, मग निदान सोमवारी घरात दोन माणसे असतील, एवढे माझ्या मनात आले.

दीड तासाच्या सिनेमाची गोष्ट साधी होती. बाप पाळीपाळीने कारखान्यात जातो, आई शाळेत शिकवते, मुलगी घराची किल्ली गळ्यात घालून हिंडते. तिघे एकमेकांना चिठ्ठ्या लिहून ठेवतात. शेवटी एके दिवशी तिघे एकत्र जेवायला बसतात. तिथे सिनेमा संपतो. दिग्दर्शकांच्या दृष्टीने आधीचा सगळा सिनेमा त्या जेवणासाठी होता.

आईचे काम मी केले, कारण दुसऱ्याच्या घरातली बाई चार वर्षे कोण देणार. मुलीचे काम मुलीने केले. बापाच्या कामासाठी त्यांनी लेथवरचा एक कामगार निवडला. तो उस्मानाबादकडचा होता. बायको-मुले गावी, आणि तो दापोडीला रुळांजवळच्या गल्लीत चौघांबरोबर एका खोलीत राहत होता. चेहरा मोठा, शांत. कॅमेऱ्यासमोर तो काहीच करत नसे आणि तेच दिग्दर्शकांना हवे होते.

काम कसे चाले ते सांगितले पाहिजे. बापाची सगळी दृश्ये गुरुवारी. मुलीची रविवारी, दिग्दर्शकांची पाळी बघून, कामावर जाण्याआधी किंवा आल्यावर. माझी सोमवारी, त्याच रीतीने. लेथवाला, मी आणि मुलगी सिनेमात नवरा, बायको आणि मुलगी होतो, पण एकमेकांशी बोलताना समोर कोणी नसे. नजर योग्य ठिकाणी जावी म्हणून दिग्दर्शक पाटावर डबे रचत आणि वर एक नारळ ठेवत. नारळाची उंची लेथवाल्याच्या डोळ्यांइतकी. त्या नारळाला मी जेवायला वाढले आहे, त्याच्यावर रागावले आहे आणि एका प्रसंगात त्याच्याकडे पाहून रडलेही आहे. समोरच्या घरातली साताऱ्याची बाई खिडकीतून बघत असे. संध्याकाळी नळावर ती मला विचारी, “काय वहिनी, मिटलं का नारळाशी?” दुसरी म्हणे, “बरा आहे की गं. उलटून बोलत नाही.”

कोणत्या दृश्यात कोणते पातळ, किती बांगड्या, ताटात काय, हे लिहून ठेवायचे काम माझे होते. चुका शोधणे हा माझा व्यवसायच होता. वहीत तीन रकाने आखले होते, रविवार, सोमवार, गुरुवार. गुरुवारी मी कचेरीत असे, त्यामुळे तो रकाना दिग्दर्शक सांगत आणि मी लिहीत असे. आमच्यातले त्या काळातले बहुतेक बोलणे त्या वहीवरून झालेले आहे.

शेवटच्या जेवणाचे एक तरी दृश्य तिघांना एकत्र बसवून घ्यायचे, असे दिग्दर्शकांनी सुरुवातीपासून ठरवले होते. शाळा, कारखाना आणि वर्तमानपत्र एकाच दिवशी बंद, असे दिवस वर्षात दोन-चार. पंधरा ऑगस्टला खोलीत उजेड पुरत नसे. दिवाळीत लेथवाला गावी. उरली सव्वीस जानेवारी. त्यांनी नव्या कॅलेंडरवर त्या तारखेभोवती पेन्सिलीने चौकोन काढला, फिल्मचे एक अख्खे रीळ बाजूला ठेवले, समोरच्या घरातून चौथा पाट आणला.

त्या वर्षी सव्वीस जानेवारी बुधवारी आली. बुधवार आणि गुरुवार, दोन सुट्ट्या जोडून. असे झाले की हा सगळा पट्टा मंगळवारच्या पहिल्या पाळीनंतर रिकामा होतो, हे इथे राहणाऱ्या कोणालाही माहीत आहे. एस.टी.च्या टपांवर पत्र्याच्या ट्रंका चढतात, दापोडीच्या खोल्यांना कुलपे लागतात. दिग्दर्शकांनी तारीख वर्षभर आधी पाहिली होती, वार पाहिला नव्हता. केसभर फरक पकडणाऱ्या माणसाकडून ही चूक झाली. बुधवारी सकाळी आम्ही दोघे आणि मुलगी घरी होतो, झेंडावंदन करून आलो होतो, स्वयंपाक झाला होता. लेथवाल्याच्या खोलीवरून दिग्दर्शक अकराला परत आले. कॅमेरा पुसून पेटीत ठेवला आणि म्हणाले, आपण जेवून घेऊ. आम्ही तिघे जेवलो. माझ्या आठवणीप्रमाणे त्या वर्षात दिवसाउजेडी तिघे एकत्र जेवलो ती तेवढीच वेळ, आणि कॅमेरा पेटीत होता.

हे वर्ष लीप असल्याने पुढच्या वर्षी ती तारीख शुक्रवारी येणार होती, म्हणजे पुन्हा जोडून. दिग्दर्शकांनी एकत्र दृश्याचा नाद सोडला आणि जेवण तुकड्यातुकड्यांनी घ्यायचे ठरवले.

इथे लेथवाल्याचा गुरुवार आड आला. त्याला दत्ताचा उपास होता. गाणगापूरला नवस बोलून आला होता आणि सुट्टीचा वार तोच म्हणून त्याला सोयीचे पडत होते. कॅमेऱ्यासमोरसुद्धा तो पोळीचा घास तोंडात घालायला तयार नव्हता. नवस कशासाठी, हे मी एकदा वाटेत भेटला तेव्हा विचारले होते. तो म्हणाला, “सांगितलं की फळत नसतंय, वहिनी.”

दिग्दर्शकांनी उपाय काढला. सिनेमा काळा-पांढरा. भगर भातासारखी दिसते, शेंगदाण्याची आमटी वरणासारखी आणि बटाट्याची भाजी ती भाजीच. पोळी मात्र त्याने ताटात ठेवू दिली नाही, उपासाच्या ताटाला लागू नये म्हणून. ती शेजारी वेगळ्या ताटलीत ठेवली. भगर, आमटी आणि भाजी मीच सकाळी करून, झाकून कचेरीत गेले. शेजारी नेहमीप्रमाणे दिग्दर्शकांचे ताट वाढून ठेवले होते. दर गुरुवारी मी ते असेच ठेवत असे आणि संध्याकाळी परत आले की ते धुऊन मोरीपाशी पालथे घातलेले असे. त्या रात्री वहीच्या गुरुवारच्या रकान्यात मी लिहिले: भगर, आमटी, बटाटा. पोळी बाजूला. खाली दिग्दर्शकांनी सांगितलेले एक वाक्य: कळणार नाही.

फिल्म मुंबईला धुवायला जाई आणि तीन आठवड्यांनी येई. भिंतीवर ते जेवण पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला ते कळले. नवरा सात-आठ सेकंद जेवतो आणि पोळीला हात लावत नाही. पुढच्याच तुकड्यात मी पोळी मोडून खाते. वर्तमानपत्रात अशी चूक मी खूण करून परत पाठवली असती. इथे मी गप्प बसले. बोलले असते तर आणखी तीन-चार गुरुवार गेले असते, आणि चार वर्षे होऊन गेली होती. मुलीचा चेहरा बदलायला लागला होता.

तंबूवाल्याने कुरुळीच्या जत्रेत एक खेळ लावून बघायचे कबूल केले. लोकांना रुचला तर पुढचा हंगाम. त्या काळी कुरुळी म्हणजे शेतावरचे गाव. कारखाने तिकडे पोचले नव्हते. आम्ही तिघे चाकणच्या एस.टी.ने गेलो, रिळांचे डबे मांडीवर, टेपरेकॉर्डर मुलीच्या पायांशी. मी रजा घेतली होती. तंबूत मधोमध दोर बांधलेला होता, एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका. दिग्दर्शक प्रोजेक्टरपाशी गेले. मी आणि मुलगी बायकांत बसलो.

पहिला तास लोक शांत होते. चिठ्ठ्या लिहिण्याच्या प्रसंगांना हसले, किल्ली हरवते तिथे एक म्हातारी पडद्यावरच्या मुलीला रागावली. मग जेवण आले. नवऱ्याचे ताट दिसले आणि माझ्या पुढे बसलेल्या दोन बायका एकमेकींकडे वळल्या.

“आगं, त्यो भगर खातोय.”

“व्हय की. उपास हाय त्याला. भाकरीला हात न्हाई लावत.”

“चपाती हाय ती. आन् ही बया बघ. नवरा उपाशी, आन् ही म्होरं बसून गिळती.”

मागून कोणी तरी म्हणाले की शिकलेल्या बायांचे असेच असते. त्यावर हशा झाला. पडद्यावर मी नारळाकडे बघून हसत होते. अंधारात मला कोणी ओळखले नाही. मुलीने माझा हात धरला आणि पुन्हा सोडला. पण हशा लवकर ओसरला. उरलेला वेळ त्या बायका नवऱ्याकडे बघत होत्या, आणि मला वाटते कारणाची वाट बघत होत्या. सिनेमा संपला तेव्हा कोणी उठले नाही. दिवे लागल्यावर पुढच्या दोघींतली म्हातारी उठून दोराखालून वाकून थेट प्रोजेक्टरपाशी गेली.

“बाबा, त्यानं उपास कशापायी धरलाय, ते सांगितलंच न्हाई तुमी.”

दिग्दर्शकांना काय विचारले जात आहे तेच आधी कळले नाही. मी जवळ जाऊन सांगितले तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिले. आधीपासून माहीत होते का, असे विचारले नाही. मीही सांगितले नाही.

तंबूवाल्याचे म्हणणे सरळ होते. चित्र लोकांना पटले आहे. फक्त उपासाचे कारण सांगणारे एखादे दृश्य टाका. बायकोला नवऱ्याचा उपास आधी माहीत नव्हता आणि आता कळला, असे काही तरी. एवढे केले की पुढचा हंगाम पक्का. दिग्दर्शक म्हणाले, ती आमची चूक आहे, मी तो तुकडा काढून टाकतो.

“काढू नका साहेब,” तंबूवाला म्हणाला. “लोकांनी तेवढंच तर बघितलंय.”

परतीच्या एस.टी.त दिग्दर्शक खिडकीशी बसले. आपल्या मापात न बसलेली वस्तू दुसरा कोणी ठेवून घ्यायला सांगतो आहे, ही गोष्ट त्यांना नवीन होती.

त्यांनी ते दृश्य लिहिले. जेवण झाल्यावर, दुसऱ्या दिवशी, बायको नवऱ्यापुढे बसते आणि विचारते. तो सांगतो. काय सांगतो ते त्यांनी सात-आठ तऱ्हांनी लिहून खोडले. दरम्यान लेथवाला निघून गेला. कारखान्यात संप झाला, लांबला आणि तो मिटायच्या आत हिशेब घेऊन तो गावी गेला तो परत आला नाही. दिग्दर्शकांनी दोन पत्रे लिहिली. दुसऱ्याला उत्तर आले, दुसऱ्या कोणाच्या अक्षरात: शेती बघतो आहे, ठीक आहे, वहिनींना नमस्कार. नवसाबद्दल काही नव्हते.

तशा चेहऱ्याचा दुसरा मनुष्य त्यांनी शोधला. तीन वर्षे शोधला. पाळी सुटताना फाटकाबाहेर उभे राहून ते चेहरे बघत. दर जत्रेला तंबूवाल्याला भेटत आणि तो दर वेळी सांगे, पुढच्या जत्रेला आणा. मुलगी कॉलेजला कोल्हापूरला गेली, त्यामुळे रविवार घरातून गेला. उरले सोमवार आणि गुरुवार. मी गुरुवारी सकाळी ताट वाढून, झाकून निघे. संध्याकाळी ते धुऊन पालथे घातलेले असे.

१९८२ च्या आसपास एके दिवशी दिग्दर्शक म्हणाले की चेहऱ्याची गरज नाही. नवरा कॅमेऱ्याकडे पाठ करून बसेल. पाठ माझी चालेल, उंची तेवढीच आहे. संवाद नंतर टेपवर घेऊ. फक्त उजेड जुळायला हवा. नवऱ्याचे सगळे तुकडे गुरुवारी सकाळी दहाच्या उजेडात घेतले होते, खिडकीच्या गजांची सावली भिंतीवर पडत असताना. म्हणून मला गुरुवारी घरी थांबावे लागेल.

मी कचेरीत एका सहकाऱ्याशी अदलाबदल करून एक गुरुवार मागून घेतला. मुख्य उपसंपादकांनी कारण विचारले. मी घरगुती असे सांगितले.

त्या सकाळी मी भगर, आमटी आणि बटाट्याची भाजी केली. वेगळा स्वयंपाक केला नाही. दृश्यात बायकोने नवऱ्याबरोबर तेच खावे, असे त्यांनी लिहिले होते. जुने ताट काढले, जुने पातळ नेसले. दिग्दर्शकांनी कॅमेरा तीन पायांच्या तिकाटण्यावर लावला, माझ्याकडे बघून माप घेतले. त्यांच्या जागी नेहमीसारखा नारळ ठेवला होता. मग पूर्ण चावी दिली, कळ अडकवली, चालत आले, नारळ आणि डबे बाजूला केले आणि पाटावर बसले. कॅमेऱ्यामागे कोणी नव्हते. कॅमेरा शिवणयंत्रासारखा वाजत होता.

ठरलेला प्रश्न होता, आज तरी सांगा, कशासाठी धरलाय. आवाज उमटणार नव्हता, त्यामुळे काहीही बोलले तरी चालणार होते. मी वाढले. त्यांनी हात पुढे केला आणि थांबले. आपल्या घरात, दुपारच्या आत, समोर माणूस असताना जेवायला कसे बसायचे हे विसरलेला मनुष्य जसा थांबेल तसे. मी ठरलेला प्रश्न विचारला नाही.

“गुरुवारी तुम्ही जेवता ना?” मी विचारले.

“कधी कधी,” ते म्हणाले.

“ताट धुतलेलं असतं.”

“धुतो. गाईला घालतो आणि धुतो.” मग म्हणाले, “झाकलेलं ताट उघडून बसावंसं वाटत नाही.”

“इतकी वर्षं?”

कॅमेरा थांबला होता. आम्ही दोघांनीही तो थांबल्याचे ऐकले. दिग्दर्शकांनी उठायला हवे होते, पुन्हा चावी द्यायला. ते उठले नाहीत. आम्ही जेवलो.

दुसऱ्या दिवशी मी मुख्य उपसंपादकांना सांगितले की मला सोमवारऐवजी गुरुवार कायमचा हवा आहे. त्यांनी तक्त्यावर खाडाखोड केली. दहा सेकंदांचे काम होते. इतक्या वर्षांत ते मी केले नव्हते.

फिल्म धुऊन येईपर्यंत जत्रा आली, ती लावून बघायलाही वेळ उरला नाही. दिग्दर्शक डबा घेऊन कुरुळीला गेले आणि दुपारीच परत आले. तंबू नव्हता. मालकाने तो चाकणच्या एका मांडववाल्याला विकला होता. जत्रेत एका गोठ्यात रंगीत टीव्ही आणि व्हिडिओ लावला होता आणि दारावर गर्दी होती. तंबूवाला तिथेच भेटला. तो हात जोडून म्हणाला, उशीर केलात साहेब. दिग्दर्शकांनी त्याला चहा पाजला. मला हे सांगताना त्यांनी बूट काढले, डबा फडताळात ठेवला आणि पाण्याचा तांब्या घेऊन मोरीकडे गेले. राजीनाम्याचा विषय त्यानंतर निघाला नाही. त्यांनी पुढे सिनेमा काढला नाही. नोकरी मुदतीपर्यंत केली.

ती पट्टी आम्ही नंतर एकदाच भिंतीवर पाहिली, एका गुरुवारी, खिडकीला चादर लावून. पहिले काही क्षण मी दिसते, समोर डब्यांवर नारळ. मग उजवीकडून एक मनुष्य येतो, नारळ उचलतो आणि बसतो. माप त्यांनी नारळाचे घेतले होते. माणसाचे खांदे नारळाहून रुंद असतात, हे कॅमेऱ्यामागे कोणी असते तर दिसले असते. त्यांच्या पाठीने मी पूर्ण झाकली गेले आहे. पुढचा सगळा वेळ पडद्यावर ती पाठ आहे, भिंतीवर गजांची सावली आहे आणि डावीकडून मधूनमधून एक हात येतो, चार बांगड्यांचा, आणि वाढतो. पाठ एकदा थोडी पुढे झुकते. तिथे पट्टी संपते आणि भिंत पांढरी होते.

दिग्दर्शक म्हणाले, हे लाल पेटीत जाईल. मी म्हटले, राहू द्या. त्यांनी प्रोजेक्टर बंद केला, मी चादर काढली आणि दोघांची ताटे घेतली.